तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले, म्हणून इंजिन खोलावे का?

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०११ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, एक लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली. काही वर्षांपूर्वी तुम्ही ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रिमॅप करून घेतला (त्यातली इंधन, ठिणगी व टर्बोची मूळ फाइल बदलली) आणि सोबत मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) व खुला एअर फिल्टर बसवला. अलीकडे सकाळी थंड इंजिन सुरू केले की ते मिनिटभर थरथरते, आणि कसारा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके बसून चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा (मिश्रण नीट न पेटण्याचा) कोड आला. गॅरेजने चारही प्लग बदलले. फरक पडला नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये साठणारा हवेचा दाब, मोजले तेव्हा १६०, १५५, ११० आणि १५८ पीएसआय असे आकडे आले. त्यावरून गॅरेजवाले म्हणतात की तिसऱ्याच्या रिंगा (पिस्टनभोवतीची हवा रोखणारी कडी) गेल्या, पूर्ण इंजिन करावे लागेल. रिमॅप करणारे म्हणतात की इंजिन उत्तम आहे, ठिणगीची कॉइल बदला. टायमिंग चेनचा दोष असेल का, हेही तुम्ही विचारले आहे. कोणाचे ऐकावे, हा तुमचा प्रश्न.

माझे मत असे की आज हातात असलेल्या माहितीवर दोघांपैकी कोणाचेही ऐकून खर्च करू नये. गॅरेजचा आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत: तिसऱ्यात मिसफायर होतो आणि तिसऱ्यात कॉम्प्रेशन कमी आहे. दुसरी गोष्ट पहिलीचे कारण आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तीन शक्यता आहेत. कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे मिसफायर होत असेल. किंवा उलट, मिसफायरमुळे कॉम्प्रेशन कमी दिसत असेल. किंवा एकाच सिलिंडरमध्ये दोन वेगळे बिघाड एकाच वेळी असतील. इंजिन खोलण्यापूर्वी यातली कोणती शक्यता खरी आहे हे ठरवणे, एवढेच खरे काम आहे आणि ते बहुतांशी हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) न उतरवता करता येते.

दुसरी शक्यता अनेकांना पटत नाही, म्हणून ती आधी समजावतो. टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसेल किंवा इंजेक्टर बंद झाल्यावरही थेंब गाळत असेल, तर न जळलेले पेट्रोल बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते. रिंग आणि बोअर यांच्यातली सील धातूवर जितकी अवलंबून असते तितकीच त्या पातळ थरावरही असते. थर गेला की धडधाकट रिंगाही हवा सोडतात आणि गेज कमी आकडा दाखवतो. याच घराण्यातले इंजिन असलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, तिच्या एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होता. प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला तेव्हा तीन पिस्टनांचे माथे कोरडे व मखमली काळे होते. चौथ्याचा माथा मात्र एका बाजूने ओला, धुतल्यासारखा चकचकीत दिसत होता आणि डिपस्टिकला पेट्रोलचा स्पष्ट वास होता. इंजेक्टर बदलला, ऑइल बदलले, गाडी काही दिवस साधेपणाने चालवली आणि पुन्हा मोजले तेव्हा चारही आकडे एका ओळीत आले. त्या इंजिनाला रिंगांची गरजच नव्हती.

आता तुमच्या गाडीची लक्षणे पाहू, कारण ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत आणि मला त्यातच खरा धागा दिसतो. रिंग किंवा व्हॉल्व्हमधून होणाऱ्या गळतीला वेळ लागतो. इंजिन ८०० आरपीएमवर फिरत असताना कॉम्प्रेशनचा एक स्ट्रोक साधारण ३७ मिलिसेकंद चालतो. ४००० आरपीएमला तो साडेसात मिलिसेकंदांत संपतो. स्टार्टरवर इंजिन २५० च्या आसपास फिरते, तेव्हा हवेला निसटायला तब्बल १२० मिलिसेकंद मिळतात. म्हणून गळतीमुळे होणारा मिसफायर आयडलला सर्वांत वाईट असतो आणि आरपीएम वाढले की बहुधा निवळतो. ठिणगीचे याच्या बरोबर उलट असते. टर्बोचे प्रेशर वाढले की सिलिंडरमधली हवा दाट होते, दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते, आणि कॉइल, प्लग किंवा त्याचा रबरी बूट कमकुवत असेल तर तो नेमका पूर्ण लोडवर हार मानतो. रिमॅपने बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेला असल्यामुळे मूळ गाडीत वर्षभर टिकली असती अशी कॉइल इथे आधी उघडी पडते. तुमची गाडी दोन्हीकडे त्रास देते, सकाळी आयडललाही आणि घाटात पूर्ण लोडवरही. त्यामुळे निदान एक बिघाड ठिणगीचा किंवा इंधनाचा आणि दुसरा हवेचा असावा, असा माझा कयास आहे. तो कयासच आहे. पुढच्या तपासण्या त्यासाठीच आहेत.

सुरुवात गाडी आहे तशी ठेवूनच करावी. कोड पुसू नका. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणीचे आरपीएम, तापमान आणि लोड साठवलेले असतात. ते लिहून घ्या. व्हीसीडीएससारखे (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचे निदान करणारे) साधन मिळाले तर मेजरिंग ब्लॉक १५ व १६ मध्ये प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर वेगवेगळे मोजलेले दिसतात. सकाळचे थंड आयडल आणि गरम इंजिनावरचा मध्यम लोड या दोन्ही वेळी ते आकडे पाहा. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. सतत मिसफायर आढळला की ईसीयू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी त्या सिलिंडरचा इंजेक्टरच बंद करू शकतो. मग इंजिन तीन सिलिंडरवर चालत राहते आणि पाहणाऱ्याला वाटते की सिलिंडर मेला आहे. शिवाय काही रिमॅपमध्ये मिसफायरची नोंद मुद्दाम मंद केलेली असते. तुमच्या फाइलमध्ये असे काही केले आहे का, हे रिमॅप करणाऱ्यांना सरळ विचारा. प्रामाणिक माणूस ते सांगतो.

त्यानंतर अदलाबदलीची परीक्षा. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर न्या आणि पहिल्याची तिसऱ्यावर आणा. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात लावा आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये हलवायच्या, म्हणजे दोष कोणासोबत गेला ते एकाच फेरीत कळते. मिसफायर पहिल्यावर गेला तर कॉइल, दुसऱ्यावर गेला तर प्लग, तिसऱ्यातच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा खुद्द सिलिंडर. गॅरेजने नवे प्लग टाकले आहेत, पण कोणत्या हीट रेंजचे (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याची पायरी) आणि किती गॅपचे हे तुमच्या पत्रात नाही. रिमॅप केलेल्या टीएसआयमध्ये मी मूळपेक्षा एक पायरी थंड प्लग वापरतो आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. डब्यातून काढून गॅप न मोजता लावलेले नवे प्लगही बूस्टवर विझतात. लाल टोपीच्या 'आर-८' कॉइल बसवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. अस्सल असतील तर हरकत नाही, परंतु बाजारात नकली फार आहेत आणि चांगल्या मूळ कॉइलपेक्षा नकली लाल कॉइल वाईट.

गॅरेजने काढलेले जुने चार प्लग फेकले नसतील तर ते मागून घ्या. माझ्या दृष्टीने त्या चार प्लगांची किंमत आज कॉम्प्रेशनच्या आकड्यांपेक्षा जास्त आहे. तिसऱ्याचे पांढरे पोर्सेलिन भिंगाखाली धरून पाहा. त्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चंदेरी कण दिसले तर त्या सिलिंडरमध्ये डिटोनेशन (मिश्रण आपोआप स्फोटासारखे पेटणे) झाले आहे. चंदेरी कण म्हणजे पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले अ‍ॅल्युमिनियम. असे कण दिसले तर गॅरेजवाल्यांची शंका बळकट होते. पोर्सेलिन स्वच्छ तपकिरी असेल तर ती बरीच कमकुवत होते. प्लग काजळीने काळा व ओला असेल तर इंजेक्टरकडे वळावे आणि कडेने ऑइल चिकटलेले असेल तर ऑइल वरून येते की खालून हे शोधावे.

याच टप्प्यावर दोन स्वस्त तपासण्या उरकून घ्या. या इंजिनाच्या क्रँककेस ब्रीदरमधला (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्यवस्थेतला) पडदा वयानुसार फाटतो. मग आयडलला शिट्टीसारखा आवाज येतो, चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण ओढून काढावे लागते आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते. दुसरे म्हणजे इनटेकच्या बाजूने धूर सोडून गळती पाहावी. खुला फिल्टर बसवताना पाइपांचे क्लँप ढिले राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली कमीजास्त दुरुस्ती) वाचताना हे लक्षात असू द्या की पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. तुमची फाइल जुन्या पेट्रोलवर बेतलेली असेल तर ट्रिम काही टक्क्यांनी अधिक दिसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून गळती ठरवू नये. आणि इंधनाचा हा फरक चारही सिलिंडरना सारखा लागतो, एकट्या तिसऱ्याला नाही.

आता कॉम्प्रेशनच्या आकड्याकडे येऊ. ११० हा आकडा कशा परिस्थितीत मिळाला यावर त्याचा अर्थ ठरतो. या इंजिनासाठी कारखान्याचे प्रमाण नव्या स्थितीत ११ ते १४ बार, झिजेची मर्यादा ७ बार (एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय) आणि सिलिंडरमधला फरक जास्तीत जास्त ३ बार असे आहे. तुमचा तिसरा साडेसात बारच्या थोडा वर, म्हणजे किमान मर्यादेच्या आत. पण पहिल्याशी असलेला फरक साडेतीन बारच्या जवळ, म्हणजे मर्यादेबाहेर. ही मोजणी जिथे झाली ते नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब सहासात टक्क्यांनी कमी असतो, म्हणून उरलेल्या तिघांचे १५५ ते १६० हे आकडे मला निरोगी वाटतात. तुमच्या गाडीत कॅमशाफ्ट आणि पिस्टन मूळचेच आहेत हे मी धरून चाललो आहे. कोणी जास्त ड्युरेशनचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅम किंवा कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन टाकले असतील तर पुस्तकातले आकडे लागू होत नाहीत आणि फक्त आपापसातली तुलनाच कामाची उरते.

मोजणी पुन्हा करा आणि समोर उभे राहून करून घ्या. इंजिन गरम हवे. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, शक्यतो चार्जर जोडलेला असावा. चार सिलिंडर मोजता मोजता बॅटरी मंदावली तर शेवटचे आकडे आपोआप उतरतात. चारही प्लग बाहेर हवेत. इंधनाचा पुरवठा आणि कॉइलची ठिणगी बंद करावी, नाहीतर मोजतानाच बोअर पेट्रोलने धुतले जाते. दुसऱ्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि थ्रॉटलची झडप खरोखर उघडली का हे डोळ्यांनी पाहावे. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे तितकेच फेरे द्यावेत. गेजच्या काट्याची पहिली उडी लिहून ठेवावी आणि शेवटचा आकडाही. पहिली उडी लहान असून आकडा पायरीपायरीने चढत गेला तर बहुधा रिंगा; पहिली उडीही लहान आणि पुढेही फारसा चढत नसेल तर बहुधा व्हॉल्व्ह. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

ऑइल टाकून मोजण्याची परीक्षा सगळेच करतात, पण त्यातला एक हिशोब फार थोडे जण करतात. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ४५० घन सेंटिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली व वर असतानाच्या जागांचे प्रमाण) ९.६ आहे. म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ५२ घन सेंटिमीटर. त्यात १० मिलिलिटर ऑइल ओतले तर जागा ४२ वर येते आणि रेशो ११.७ होतो. रिंगांचा काहीही संबंध नसताना आकडा चांगलाच वर जातो आणि मिस्त्री म्हणतो, "बघा, ऑइलने सुधारलं, रिंगाच गेल्या." म्हणून ऑइल ५ मिलिलिटरच टाकावे, सिरिंजने मोजून टाकावे आणि चारही सिलिंडरना सारखेच टाकावे. इतर तीन जितके वाढतील ती वाढ जागा भरल्याची आहे. तिसरा त्यापेक्षा कितीतरी जास्त उसळला तरच ऑइलच्या थराचा किंवा रिंगांचा प्रश्न आहे. तिथेही धुतलेला बोअर आणि झिजलेली रिंग यांच्यात ही परीक्षा भेद करत नाही.

निर्णय ज्यावर घ्यायचा ती तपासणी म्हणजे लीक-डाउन. तुमच्या गॅरेजने ती केलेली नाही, आणि ती न करता इंजिन खोलायला मी तरी होकार देणार नाही. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणायचा, सर्व व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते पाहायचे. ९२ टिकले तर गळती आठ टक्के. मूळ पिस्टन असलेल्या गरम इंजिनात दहा टक्क्यांपर्यंत मी निश्चिंत असतो, वीसच्या पुढे कारण शोधतो आणि तिसाच्या पुढे काहीतरी खोलावे लागणार हे मान्य करतो. फोर्ज्ड पिस्टनांचे थंड इंजिन याहून जास्त गळते, तो दोष नव्हे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, म्हणजे पहिल्याच्या कॉम्प्रेशनपासून क्रँक अर्धा फेरा पुढे नेला की तिसरा वर येतो. क्रँक नेहमी चालू दिशेनेच फिरवावा. उलट फिरवला तर जुन्या पद्धतीच्या टेन्शनरमुळे (चेन ताणून धरणाऱ्या भागामुळे) टाइमिंग चेन दात सोडू शकते. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढावा आणि हवा सोडण्यापूर्वी क्रँकच्या बोल्टवरचा पाना काढून घ्यावा. हवेच्या दाबाने क्रँक फिरला की पाना हाताला जबर मार देतो.

मग कान द्यायचा. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या टोकाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीत आली तर रिंगा किंवा पिस्टन, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर दोन सिलिंडरमधला गॅस्केटचा पट्टा. डिपस्टिकपाशी थोडा आवाज प्रत्येक इंजिनात येतोच. तो ऐकून घाबरू नये, पहिल्या सिलिंडरला हीच परीक्षा करून दोन्ही आवाजांची तुलना करावी. कान जिथे साशंक असेल तिथे तोंडावर पातळ कागदाची पट्टी धरली तर ती हलते की नाही हे स्पष्ट दिसते.

इनटेककडून हवा आली, तर मला सर्वांत आनंद होईल, आणि सकाळच्या थरथरीवरून ती शक्यता मला चांगली दिसते. थेट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ तिथे भाजून कार्बनचे थर साचतात. एक लाख किलोमीटरला हे थर इतके वाढतात की हवेचा प्रवाह बिघडतो, थंड इंजिन मिसिंग करते, आणि एखादा तुकडा सुटून सीटवर अडकला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ करून घ्या आणि हेडला हात लावण्यापूर्वी पुन्हा मोजा. या इंजिनात इंजेक्टर काढायलाही तोच मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, म्हणून त्याच मजुरीत चारही इंजेक्टर काढून बेंचवर त्यांची फवारणी आणि गळती तपासून घ्यावी. परत बसवताना टोकाच्या टेफ्लॉन सील नव्याच घालाव्यात. तुमच्या लक्षणांवरून पाहता, पैसे खर्च करायची पहिली जागा हीच आहे.

एक्झॉस्टकडून हवा आली तर व्हॉल्व्हची कड जळली असण्याची शक्यता मोठी, आणि मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. ते काम मोठे आहे, पण ब्लॉक शाबूत राहतो. कूलंटमध्ये बुडबुडे असतील तर हेडचे फेसिंग आणि गॅस्केट. चेनबद्दलही तुम्ही विचारले आहे. चेन ताणली गेली तर चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह सारखेच उशिरा बंद होतात आणि चारही आकडे उतरतात, त्यामुळे एकट्या तिसऱ्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. तरीही २०११ च्या गाडीत जुना टेन्शनर असण्याची दाट शक्यता आहे. ब्लॉक ९३ मधली कॅमची फेज तपासून ठेवा आणि टेन्शनर लवकर बदला. तो तुटला तर आपली ही सगळी चर्चा निरर्थक ठरेल.

डिपस्टिककडून जोराने हवा आली तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे ठरण्याची वेळ आली असे समजा. पण तरीही कॅमेऱ्याने बोअर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोअरवर उभे ओरखडे आहेत का, होनिंगच्या (बोअर घासून केलेल्या) तिरप्या रेघा शाबूत आहेत का, पिस्टनच्या माथ्याची कड एका जागी ऑइलने धुतली गेली आहे का, हे पाहा. या पिढीच्या टीएसआयमध्ये ऑइल रिंगा चिकटून गाडी ऑइल खाणे हा माहितीतला दोष आहे, मात्र त्यात कॉम्प्रेशन रिंगा बहुधा ठीक असतात आणि चारही सिलिंडर कमीअधिक सारखे वागतात. एकच सिलिंडर एकदम ढासळला असेल आणि गाडी रिमॅप केलेली असेल, तर मला आधी रिंगलँडची शंका येते, म्हणजे पिस्टनवर रिंगांच्या मधली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी तडकणे. कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, तापलेली हवा, साधे पेट्रोल आणि त्याहून चांगल्या पेट्रोलवर बेतलेली फाइल, या चार गोष्टी घाटात एकत्र आल्या की डिटोनेशनचा मार नेमका त्या पट्टीवर बसतो. १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुण्यामुंबईत २०२० च्या अखेरीपासून मिळते, पण दूरच्या प्रवासात प्रत्येक पंपावर ते मिळत नाही, आणि जी फाइल फक्त त्यावरच सुरक्षित आहे ती रोजच्या गाडीत ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडक्यात क्रम असा: आधी कोडची माहिती आणि अदलाबदल, मग जुने प्लग व कॅमेरा, मग नीट केलेले कॉम्प्रेशन, मग लीक-डाउन, आणि हवा कुठून निघते यावर कार्बन सफाई, हेड किंवा ब्लॉक यांपैकी काय खोलायचे ते. गॅरेजवाल्यांनी पहिल्या पायरीवरून थेट शेवटची गाठली, एवढीच माझी तक्रार आहे.

शेवटी खरोखर पिस्टन गेलाच असेल तर दोन गोष्टी मनावर घ्या. ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतात; पण बोअर मापाने गोल असेल आणि फक्त रिंगलँड तुटली असेल तर होनिंगवर भागते. हे मायक्रोमीटर ठरवतो, मशीनवाल्याचा अंदाज नव्हे, आणि मोजमापाचा कागद मागण्यात संकोच करू नये. दुसरे, तिसराच पिस्टन का गेला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवे पिस्टन जुन्याच फाइलवर चालवू नका. तिसऱ्याचा इंजेक्टर इतरांपेक्षा कमी इंधन देत होता का, हे बेंचवर कळते. ईसीयू नॉकमुळे (डिटोनेशनच्या आवाजामुळे) कोणत्या सिलिंडरचे टायमिंग किती अंश मागे ओढतो हे ब्लॉक २० मध्ये दिसते. इंजिन दुरुस्त होऊन रुळले की तिसऱ्या गिअरमध्ये एक नोंद घ्या. चारही सिलिंडर थोडेथोडे मागे येत असतील तर पेट्रोल किंवा फाइल, एकटा तिसराच येत असेल तर त्या सिलिंडरचेच काही शिल्लक आहे. ही नोंद आत्ता, संशयित पिस्टनावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन घेऊ नका.

तपासणी होईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर बूस्टमध्ये न नेता चालवा, कसाऱ्याला खालच्या गिअरमध्ये अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर चढा, आणि दिवा लुकलुकू लागला की ताबडतोब पाय काढा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आधी बदला, बाकी सगळे नंतर. लीक-डाउनची टक्केवारी आणि हवा कोणत्या तोंडातून आली एवढे कळवलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.